सासूबाईंचं कुटुंब

रविवारी सकाळी मी गॅलरीत दुसरा चहा घेत बसलो होतो. रविवारी सकाळी माणसाने जितकं निरुपद्रवी असावं तितका मी होतो. तेवढ्यात खालून हाक आली.

"जावईबापू, जरा खाली येता का? काकांना धरायचंय!"

समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या फटाफट उघडल्या. तिथे नवीन लोक राहायला आले असावेत, कारण जुन्यांनी अशा हाकांना दचकणं केव्हाच सोडलंय. मी त्यांच्याकडे पाहून 'काळजीचं कारण नाही' अशा अर्थाचं हसलो, कप ठेवला आणि खाली गेलो.

काका म्हणजे जॅक. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण हे ठाऊक नसलेल्या माणसांनी पुढच्या दोन दिवसांत आमच्या घराची जी शोभा केली, ती निदान तुम्ही तरी करू नये.

आमच्या सासूबाईंची एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी. रंग मोरपिशी, दिवे गोल, आणि बंपर असा चकचकीत की त्यात बघून दाढी करावी. सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. कानाला हेडफोन लावून जन्मभर लोकांची बोलणी जोडून देताना त्यांचा कान असा काही तयार झाला, की समोरच्याने नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी हा घरात भांडून आलाय की बाहेर भांडायला निघालाय हे त्यांना कळायचं. निवृत्त झाल्यावर तोच कान त्यांनी गाडीला लावला. इंग्रजी नावांशी त्यांचं जमत नाही. "कार्बोरेटर म्हटल्यावर काय कळतं? काही नाही. जाऊ म्हटलं की स्वभाव कळतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणून गाडीच्या प्रत्येक भागाला त्यांनी घरातलं एकेक नातं देऊन टाकलंय. जॅक म्हणजे काका, कारण काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना वर उचललं आणि स्वतः होते तिथेच राहिले. ब्रेक म्हणजे मामा. आधाराला असतात, पण दोनदा हाक मारावी लागते. बॅटरी म्हणजे आत्या. मनात असलं तर सगळं घर उजळून टाकतील, नसलं तर दिवसभर तोंड उघडणार नाहीत. इंजिनाला पेट्रोल आणि हवा पाजणारे दोन कार्बोरेटर शेजारीशेजारी बसवलेत, त्या थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. आणि हे सगळे मिळून होणारी गाडी म्हणजे 'कुटुंब'. "आज कुटुंब धुवायला काढलंय," किंवा "कुटुंबाला वंगण देऊन बरेच दिवस झाले," अशी वाक्यं आमच्याकडे जेवताना बोलली जातात. माझी बायको लहानपणापासून यातच वाढल्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटत नाही. मला लग्नानंतर सवय करून घ्यावी लागली.

एवढ्या मोठ्या गोतावळ्यात जावई नावाचा भाग मात्र एकही नाही. मी एकदा आडून आडून विचारून पाहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "जावयाला गाडीत बसवायचं असतं, जावईबापू. गाडीला नाही." मानाचं बोलल्या की टोमणा मारला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर मंगळवारी कुटुंबाचं पासिंग होतं. इतक्या जुन्या गाड्यांची वाहन कार्यालयात नव्याने तपासणी होणार होती. पास झाली तर गाडी रस्त्यावर, नाही तर नोंदणी रद्द आणि गाडी थेट भंगारात. सासूबाई 'भंगार' हा शब्द तोंडाने उच्चारत नव्हत्या. "नापास झाली तर तिला 'तिकडे' पाठवतील," एवढंच म्हणायच्या, आणि हातातल्या फडक्याने आधीच चकचकीत असलेला दरवाजा पुन्हा पुसायच्या. मला त्यांचं ते पुसणं बघवत नव्हतं.

रविवारी मी काकांना धरलं, चाक वर झालं, मग काम जावांकडे वळलं. त्यांचा समेट करायची पद्धत मी जन्मात विसरणार नाही. इंजिन धडधडत ठेवून सासूबाईंनी रबराची एक नळी घेतली. एक टोक स्वतःच्या कानात, दुसरं थोरलीच्या तोंडाशी. डोळे मिटले. मग तेच टोक धाकटीच्या तोंडाशी. पुन्हा थोरली. मध्येच बोटाच्या टोकाने एक स्क्रू केसभर फिरवायच्या आणि पुन्हा ऐकायच्या. "दोघींनी सारखा श्वास घेतला पाहिजे," त्या म्हणाल्या. "थोरली जास्त ओढतेय. तिची सवयच आहे ती."

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे माहीतगार म्हणतात. कोणत्याही विषयावर माहिती द्यायला ते जिन्यातून उतरत असतात. ते येऊन उभे राहिले. "यासाठी आता यंत्र मिळतं," म्हणाले. "पडद्यावर आकडे येतात."

"यंत्राला जाऊ होती का कधी?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

थोड्या वेळाने त्यांनी नळी माझ्या कानात दिली. आधी थोरली, मग धाकटी. मला दोन्हीकडे एकच सुस्कारा ऐकू आला, शांत झोपलेल्या माणसासारखा. इंजिनाची मघाची धडधड कुठल्या कुठे गेली होती. मी सरकारमान्य पदवी घेतलेला, हाताखाली बऱ्यापैकी माणसं असलेला अधिकारी आहे, पण नुसतं ऐकून एवढी शांतता निर्माण करणं मला ऑफिसात कधी जमलेलं नाही. मी थक्क झालो, आणि तसं बोलूनही दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "काकांना आत नेऊन ठेवा."

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत मीटिंगला बसलो होतो. बाहेरच्या टेबलावरची टायपिस्ट आत आली. तिचा चेहरा पडला होता.

"सर, तुमच्या सासूबाईंचा फोन होता," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्या गेल्या."

"अरे बापरे!" मी म्हणालो. "काल तर पाणी घातलं होतं!"

खोलीतली पेनं थांबली. ती बिचारी चाचरत पुढे म्हणाली, "आणि मामा एका जागी बसलेत म्हणे. कुणाचं ऐकत नाहीत. आणि त्या विचारत होत्या की काकांना कुठे ठेवलंय."

"काका पलंगाखाली आहेत," मी सवयीने उत्तर दिलं.

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. कडक माणूस, पण त्या क्षणी त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. "वय काय होतं आत्यांचं?"

"तीन वर्षं झाली आणून," मी अजून माझ्याच विचारात. "चार टिकतात फार तर."

मग मात्र माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे एकटक पाहतायत. खुलासा करायला मी तोंड उघडलं, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना. जावांपासून करावी तर काकांपर्यंत यायला मीटिंग संपली असती. तेवढ्यात साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काही बोलू नका. धक्का बसलाय तुम्हाला. ताबडतोब घरी जा." साहेबांनी स्वतःहून रजा दिल्याची आमच्या ऑफिसातली ती पहिलीच वेळ होती. मी ती नाकारली नाही.

घरी आलो तर सासूबाई एप्रन बांधून गाडीखाली, आणि नुसते पाय बाहेर. जिन्यात माहीतगार उभे होते. त्यांनी मला भर दुपारी घरी आलेलं पाहिलं, आणि त्याच वेळी गाडीखालून आवाज आला, "जावईबापू, आलात? आत्या गेल्या हो! सकाळी बघते तर काही हालचालच नाही!" माहीतगारांनी हात जोडले आणि न बोलता वर निघून गेले. न बोलता गेले तिथेच मला संशय यायला हवा होता.

मामांचं काम संध्याकाळपर्यंत उरकलं. मागच्या चाकाचा ब्रेक गंजून चिकटला होता. सासूबाईंनी चाक काढलं, लाकडी हातोडीने चारी बाजूंनी हलके टोले दिले, आणि प्रत्येक टोल्यानंतर कान लावून ऐकत राहिल्या. "जोर करायचा नाही. मामांना जोर केला की ते आणखी रुसतात." मामा सुटले. आत्यांचं मात्र अवघड होतं. एवढ्या जुन्या गाडीला लागते ती बॅटरी दुकानात तयार नसते. मागवावी लागते, आणि दुकानदार पुढच्या आठवड्याचा वायदा करत होता.

"पूर्ण गेलेल्या नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "धुगधुगी आहे. पुढून लोखंडी हँडल फिरवून गाडी सुरू करू. एकदा पळायला लागली की डायनामो चालता चालता आत्यांना भरवत राहील. फक्त वाटेत कुठे रेंगाळायचं नाही."

मंगळवारी सकाळी आम्ही खाली आलो तर पार्किंगमध्ये माणसंच माणसं. साहेब होते. टायपिस्ट होती, डोळ्यांना रुमाल लावून. इमारतीतले झाडून सगळे होते. माहीतगारांनी आदल्या दुपारीच इमारतीच्या ग्रुपवर 'आपल्या शेजारच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर' असा मजकूर टाकला होता, आणि तो हातोहाती कुठवर जायचा तिथवर गेला होता. कुठवर, ते लगेच कळलं. फाटकात टॅक्सी थांबली आणि तिच्यातून माझ्या बायकोची खरी आत्या उतरली. हातात बॅग, केस विस्कटलेले, रात्रभर प्रवास करून आलेली.

"कोण गेलं गं?" आत्याबाईंनी तिथूनच हंबरडा फोडला. "मला कुणी धड सांगत का नाही?"

माहीतगार पुढे झाले. "धीर धरा. आत्या गेल्या."

"माझी आत्या?" आत्याबाई रडायच्या थांबल्या. "तिला जाऊन जमाना झाला!"

"तुमची नव्हे, यांच्या मिसेसची."

"तिची आत्या मीच!"

पार्किंगमध्ये अशी शांतता पसरली की थोरलीने सुस्कारा टाकला असता तर ऐकू आला असता. टायपिस्ट साहेबांच्या मागे सरकली. माझ्या बायकोला हसू आवरेना म्हणून ती खांबाकडे तोंड करून उभी राहिली, आणि त्याला लोक रडणं समजले. शेवटी सासूबाई पुढे झाल्या. नणंदेचा हात धरून त्यांनी तिला गाडीपाशी नेलं आणि बॉनेट उघडून आतली काळी, चौकोनी, कडेला पांढरी बुरशी धरलेली बॅटरी दाखवली.

"या तुम्ही," त्या म्हणाल्या.

आत्याबाईंनी बॅटरीकडे पाहिलं. मग वहिनीकडे. मग पुन्हा बॅटरीकडे. "आणि हिच्याशिवाय गाडी चालते?"

"तीच तर पंचाईत आहे. तुमच्यावाचून सगळं अडलंय."

"मग हरकत नाही," आत्याबाई म्हणाल्या, आणि मागचा दरवाजा उघडून गाडीत जाऊन बसल्या.

दुःखासाठी रजा टाकून आलेल्या माणसांना दुःख नाही म्हणून परत पाठवणं अवघड असतं. साहेब म्हणाले, "आलोच आहोत तर तपासणीला सोबत येतो." मला वाटतं ते त्या मोरपिशी रंगाला भुलले होते. हँडल मारून गाडी सुरू झाली. सासूबाई चालवायला, मी शेजारी, मागे आत्याबाई आणि बायको. पाठोपाठ साहेबांची गाडी, तिच्यात माहीतगार, आणि त्यामागे स्कूटरवरून उरलेली इमारत. सासूबाई अशा चालवत होत्या की गियर बदलला तरी पोटातलं पाणी हलत नव्हतं. पुढे सिग्नल दिसला की त्या दुरूनच वेग असा जुळवायच्या की आम्ही पोचेपर्यंत दिवा हिरवा. बरेच सिग्नल असे गेले. कार्यालयाच्या अलीकडच्या शेवटच्या सिग्नलला मात्र पुढचा ट्रक हलेचना. गाडी थांबली, डायनामो मंदावला, आणि आत्यांनी तोंड मिटलं.

"मी काही केलं नाही हं," मागून आत्याबाई म्हणाल्या.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, हँडल मारायला थांबणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही ढकललं. साहेब, मी, माहीतगार आणि शेजारी. काल ज्यांनी माझ्या खांद्यावर सांत्वनाचा हात ठेवला होता, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून मी भर रस्त्यात घाम गाळत होतो. फुटपाथवर लोक थांबून बघत होते. कुणी तरी आदराने टोपीही काढली. कार्यालयाच्या फाटकाशी पोचलो, तर पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"ढकलून आणलेली गाडी आत घेत नाही. स्वतःच्या बळावर आली पाहिजे. नियम आहे."

"फाटक तर समोर आहे!" मी ओरडलो.

"म्हणूनच सांगतोय. आत आल्यावर सांगून उपयोग नव्हता."

सासूबाई खाली उतरल्या. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं, कारण कचेरी बंद व्हायच्या आत गाडी आत गेली नाही, तर ती 'तिकडे' जाणार होती. त्यांनी फडक्याने दरवाजा एकदा पुसला.  पण आवाज नेहमीचाच. "आत्यांना जरा पडू द्या. विश्रांती मिळाली की थोडा जीव येतो. तोवर खिडकीवरचं काम उरकू."

खिडकीवरच्या कारकुनाने कागद पाहिले आणि मान हलवली. "रंग मोरपिशी लिहिलाय. आमच्याकडे मोरपिशी हा रंग नाही."

"मग निळा लिहा," मी म्हणालो.

त्याने चष्मा वर करून फाटकाकडे पाहिलं. "निळी कुठे आहे? हिरवट आहे."

"मग हिरवा लिहा."

"हिरवी म्हणावी तर निळसर आहे." हा माणूस प्रामाणिक होता आणि त्यामुळेच कठीण होता. माहीतगारांनी त्याला प्रकाशाचं शास्त्र समजावायला घेतलं तेव्हा मी आशा सोडली. सासूबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "तुम्हाला कोणता दिसतो?" तो बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मोरपिशीच आहे हो." आणि त्याने छापील रंगांच्या खाली स्वतःच्या हाताने एक नवीन रंग लिहिला.

परत गाडीपाशी आलो. हँडल मी हातात घेतलं. एवढ्या लोकांसमोर मागे कसा राहणार? "अंगठा बाहेर ठेवा, नाही तर मोडेल," सासूबाई म्हणाल्या. मी अंगठा बाहेर ठेवला आणि जीव खाऊन फिरवलं. हँडलने मला उलटा झटका दिला आणि मी पहारेकऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसलो. मग साहेबांनी कोट काढून जोर लावून पाहिला. काही नाही. मग माहीतगारांनी जोर न करता सल्ला दिला. तेही नाही. सासूबाईंनी सगळ्यांना गप्प केलं, वाकून कान लावला, आणि ओठांवर बोट ठेवलं. आम्ही, पहारेकरी, फाटकाबाहेरची बघ्यांची गर्दी, सगळे श्वास धरून उभे राहिलो.

"थोरली तुंबलीय," त्या म्हणाल्या. "फिरवून फिरवून तुम्ही तिला फार पेट्रोल पाजलंत."

त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला. मग एप्रनला हात पुसले, हँडल धरलं, नुसतं वजन तोलून पाहिलं, आणि खालून वर अर्धा फेरा, बस्स, अर्धाच फेरा ओढला. कुटुंब जागं झालं. मी या वयात, भर रस्त्यात, टाळ्या वाजवल्या. पहारेकऱ्यानेही वाजवल्या, आणि मग नियम आठवून फाटक उघडलं.

तपासणी करणाऱ्या बाई तरुण आणि गंभीर होत्या. त्यांनी मला विचारलं, "ड्रायव्हर तुम्ही?" मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. "मेकॅनिक?" मी पुन्हा तिकडेच बोट दाखवलं. "मग तुम्ही कोण?"

"मी धरतो," मी म्हणालो, आणि ते म्हणताना मला यत्किंचितही कमीपणा वाटला नाही.

बाईंनी अंगणात पांढरी रेघ दाखवली. वेगात यायचं आणि रेघेवर थांबायचं. सासूबाई लांबून आल्या. मागच्या सीटवर आत्याबाई ताठ बसून होत्या. उतरायला त्यांनी साफ नकार दिला होता. गाडी आली, आली, आणि रेघेवर अलगद थांबली. बाई वाकून पाहत राहिल्या. चाक रेघेच्या ना अलीकडे होतं, ना पलीकडे.

"ब्रेकमध्ये काही दोष?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंना खोटं बोलता येत नाही. "मामा उजवीकडे किंचित ओढतात. पण मी त्यांना सांभाळून घेते."

बाईंनी 'मामा कोण' असं विचारलं नाही. त्या बॉनेटपाशी गेल्या, चालू इंजिनावर तळहात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि त्यांचा गंभीर चेहरा पार बदलला. "इतकं शांत इंजिन मी नव्या गाडीतही पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पास. पाच वर्षं."

आमच्या लोकांनी असा जल्लोष केला की कारकून खिडकीतून बाहेर वाकला.  सासूबाई मात्र कागद हातात घेऊन गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाच वर्षांनी पुन्हा आणावी लागेल. तेव्हा मला हँडल ओढवेल की नाही, सांगता येत नाही. मी असेन की नाही, तेही सांगता येत नाही. पण तिला तिकडे जाऊ द्यायचं नाही." एवढं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "तेव्हा आजपासून शिकायला लागा. घरी तुम्ही न्यायची."

 या बाईंनी ते कुटुंब आजवर दुसऱ्या कुणाच्याही हाती दिलं नव्हतं. मी जाऊन स्टिअरिंगपुढे बसलो. सासूबाई शेजारी बसल्या आणि डोळे मिटून ऐकू लागल्या. फाटकाबाहेर गर्दी, मागे साहेब, समोर ट्रक. मी क्लच दाबला, गियर टाकला, आणि कुठून तरी एक बारीक, अखंड खडखड ऐकू यायला लागली. 

"आई, काहीतरी वाजतंय. काय सुटलं असेल?"

सासूबाईंनी डोळे न उघडता कान थोडा माझ्या बाजूला वळवला.

"गाडी ठणठणीत आहे, जावईबापू. गुडघे वाजतायत तुमचे."

मी दोन्ही गुडघे घट्ट आवळले आणि हळूहळू क्लच सोडला.